खेळातल्या जहाजावरची गळती

प्रशिक्षण संस्थेत पोरं त्यांना तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे मेगर सर. मेगर म्हणजे तारेच्या आवरणातून वीज कुठे झिरपते आहे का, ते सांगणारं मोजयंत्र. पंखा फिरत नाही, दिवा मिणमिणतो, काहीही तक्रार घेऊन जा, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मेगर लावलास का?" एकाने ताप आला म्हणून सुट्टी मागितली तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं, असं पोरं शपथेवर सांगायची.

उमेदीची सगळी वर्षं सरांनी मालवाहू जहाजांवर वीज-अधिकारी म्हणून काढली होती. आता पुढे जहाजांवर जाणाऱ्या मुलामुलींना ते बिघाड शोधायला शिकवत. त्यासाठी त्यांच्या वर्गात लाकडी फळे होते. फळ्यावर स्विच, रिले म्हणजे विजेनेच उघडझाप होणारे स्विच, एक छोटी मोटर. सर मुलांना बाहेर काढत, कुठल्याशा संपर्काच्या फटीत वीज अडेल असा कागदाचा कपटा सारत, आणि हाक मारत, "या, शोधा!" अडचण एवढीच होती की कपटा सारायच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि त्या जागा एका तुकडीकडून दुसरीकडे वारशासारख्या जात होत्या. मुलं आत यायची, सरळ तिसऱ्या रिलेकडे बघायची आणि कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं दाखवायची. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण खरं जहाज वर्गात आणणार कुठून?

ते जहाज आणलं त्यांच्या भाचीने.

ही भाची लहानपणी सुट्टीत मामाकडे आली की कोपऱ्यात कॉम्प्युटरला चिकटून बसायची. "डोळे जातील, आणि डोकंही जाईल," असं मामा बजावायचा आणि ती मान न वळवता "हो मामा" म्हणायची. मोठी होऊन ती खेळच बनवायला लागली. गेलं वर्षभर तिचे फोन वाढले होते. जनरेटरच्या खोलीत जिना कुठल्या हाताला असतो, रेलिंगला रंग कुठला, इंजिन चालू असताना माणसं एकमेकांशी कशी बोलतात. मामाला वाटायचं, पोरीला म्हाताऱ्या मामाची आठवण येते आहे. तो तासतासभर सांगत बसायचा. मग एके दिवशी संस्थेच्या प्राचार्यांनी, म्हणजे निवृत्त कप्तानांनी, सरांना बोलावून सांगितलं की बिघाड शोधण्याचा सराव आता खेळातून होणार आहे, आणि खेळ तुमच्याच भाचीने केला आहे.

"खेळातून?" सर म्हणाले. "साहेब, वीज खेळत नाही. एकदाच चावते."

"एकदा बघा तर," कप्तान म्हणाले. "नावं ठेवायला मग आहेच वेळ."

मोठ्या खोलीत पडद्यांची रांग लागली. भाचीने एक कळ दाबली, आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर एक दार उघडलं.

सरांच्या हातातला चहा तसाच राहिला. आत जनरेटरची खोली होती. पायाखाली जाळीचे लोखंडी पत्रे, त्यांच्यातून खाली दिसणारा दुसरा मजला, छताला टेकलेले पाइप, एका पाइपवर कुणीतरी हात पुसून टाकलेलं फडकं. मुख्य स्विचबोर्ड भिंतभर पसरलेला, एकेका ब्रेकरवर त्याची पाटी. आणि आवाज! कानात न मावणारा, पोटात उतरणारा तो एकसुरी घरघराट. वर्षानुवर्षं ज्या आवाजात ते झोपले होते, जेवले होते, घरच्यांची पत्रं वाचली होती, तो खोलीत भरून राहिला. भाचीने एवढं तेवढं विचारून घेतलेलं सगळं तिथे होतं. रेलिंगचा रंगसुद्धा.

"बरं जमलंय," ते म्हणाले.

पहिल्याच दिवशी सगळा वर्ग मेला. खेळात कमरेला हत्यारांचा पट्टा होता, हातात मीटर होता, आणि जहाज अंधारात होतं. मुलं पळत सुटली. ज्याने वीज बंद न करता पेटीत हात घातला त्याचा पडदा काळा होई. आरडाओरडा नाही, ठिणग्या नाहीत. नुसता काळोख आणि एक ओळ, 'तुमचा हात चालू तारेला लागला. तुम्ही आता नाही.' पहिल्यांदा सगळे हसले. नंतर हसू ओसरलं. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा दर मुद्द्यावर वाद घालतो म्हणून त्याला वकील म्हणत. तोच तिसऱ्यांदा मेला, तेव्हा हात मागे घेऊन बोटांकडे बघत बसला.

सरांनीही हात आजमावला. खेळाच्या दांडीवर त्यांचा अंगठा काही केल्या त्यांचं ऐकेना. ते भिंतीवर आपटले, एका टाकीभोवती गोल गोल फिरले, आणि शेवटी जिन्यावरून खाली कोसळले.

"मेगर लावा सर," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि सरांसकट सगळा वर्ग खोखो हसला.

पण त्यांना खरं थक्क केलं ते सराव संपल्यावर. भाचीने जहाजाचा पारदर्शक नकाशा पडद्यावर आणला. प्रत्येकाने जहाजात कुठे पाय टाकला, कुठे थांबला, काय मोजलं, त्याचा एकेक रंगीत धागा त्यात ओवलेला होता. सर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. परीक्षेत सगळी उत्तरं लिहिणाऱ्या वकिलाचा धागा कोंबडीने उकिरडा उकरावा तसा इकडेतिकडे पसरला होता. एरवी तोंड न उघडणाऱ्या एकाचा धागा मात्र एका जागी थांबत होता, शोधायची अर्धी जागा बाद करत होता, पुन्हा थांबत होता.

"हे काय आहे माहीत आहे का तुला?" सर भाचीला म्हणाले. "हा विचार आहे. डोक्यातला विचार. इतकी वर्षं शिकवतोय, मला नुसतं उत्तर दिसायचं. पोरगं तिथवर कसं पोचलं ते कधी दिसलं नव्हतं."

त्या दिवसापासून लाकडी फळ्यांवर धूळ बसायला लागली आणि सर वर्गाची वेळ व्हायच्या आधीच येऊन बसायला लागले.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे लिंबू म्हणत. तिला समुद्र लागायचा. सरावाच्या बोटीवर एक फेरी झाली होती, त्यात ती परत येईपर्यंत कठड्याला धरून उभी होती. तेव्हापासून वासाला म्हणून तिच्या खिशात कायम एक लिंबू असे. समुद्र लागणारीने जहाजावर नोकरी करायची म्हणजे आंधळ्याने चित्रं विकायची, असं वकील म्हणायचा. ती म्हणायची, "पोट माझं आहे, ते मी बघीन."

पुढे भाचीने खेळात समुद्र घातला. तोवर जहाज शांत पाण्यात होतं, आता ते डुलायला लागलं. पडद्यांवरचं दृश्य डावीउजवीकडे कलू लागलं, खेळातल्या टेबलावरचा पेला घसरू लागला. बिघाडही आता ठरवून द्यायचे नाहीत, यंत्रच शेकडोंतून एक उचलून सगळ्यांना तोच देणार. कुठला, ते सुटेपर्यंत भाचीलाही कळणार नव्हतं. लिंबूने पाच मिनिटांत खुर्ची भिंतीकडे वळवली, डोळे मिटले आणि लिंबू नाकाशी धरलं. बाकीचे हसले, पण सरांनी तिला तसंच बसू दिलं.

आणि त्या सकाळी घंटा वाजली. खेळातल्या स्विचबोर्डवर विजेची गळती दाखवणारा काटा खाली पडला, घंटा किणकिणली, थोड्या वेळाने काटा आपोआप वर आला आणि घंटा थांबली. मग पुन्हा तेच.

सर बसल्या जागी ताठ झाले.

"हा बिघाड मला माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणजे भेटलेला आहे. सापडलेला नाही."

वर्ग त्यांच्याकडे वळला, आणि सरांनी सांगितलं. जहाजावर विजेच्या तारा लोखंडी अंगाला कुठेही जोडलेल्या नसतात. एखादी तार कुठे झिजून लोखंडाला लागली तर त्याने काही बंद पडत नाही, नुसती घंटा वाजते. "पहिली गळती मुकी असते. दुसरी झाली की ती बोंब मारते, आणि मग अर्धं जहाज अंधारात. म्हणून पहिली असतानाच शोधायची." त्यांच्या एका जुन्या जहाजावर अशी घंटा अख्खी सफरभर वाजत होती. एकेक ब्रेकर पाडून, म्हणजे एकेका भागाची वीज तोडून, त्यांनी शोध घेतला. भटारखान्याचा ब्रेकर पाडला की घंटा थांबली. त्यांनी भट्टीच्या तारा बदलल्या. घंटा पुन्हा वाजली. पुन्हा भट्टी उघडली. आचारी कच्च्या कणकेचे हात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, माझ्या भट्टीला काही झालेलं नाही, तुमच्या काट्याचंच डोकं फिरलंय. सफर संपेपर्यंत तो सरांशी बोलत नव्हता आणि त्यांना वाढताना पळी जोरात आपटत होता. गळती सापडलीच नाही. पुढे ते जहाज भंगारात गेलं, कापलं गेलं, वितळलं.

"आणि आज ते इथे आहे," सर म्हणाले. "तोच काटा, तीच घंटा. चला. मलाही उत्तर माहीत नाही. आपण सगळे सारखेच."

खोलीतली हवाच बदलली. सरांनाही न सुटलेलं! मुलं तुटून पडली. वकिलाने ब्रेकर पाडायला सुरुवात केली आणि धुलाईखोलीशी घंटा थांबली. "मिळाला!" तो ओरडला. त्याने धुलाईखोली उलटीपालटी केली. घंटा वाजली. दुसऱ्याला भटारखान्यात सापडली, तिसरीला खलाशांच्या खोल्यांत. प्रत्येकाला दुसरंच ठिकाण, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. साप साप म्हणून सगळे भुई धोपटत होते.

सर पडद्यांच्या मागे उभं राहून बघत होते. त्यांना मुलं दिसत नव्हती, ते स्वतःच दिसत होते, केस काळे असलेले, घामाने ओले, भट्टीपुढे उकिडवे बसलेले. हीच घाई, हाच हात, ब्रेकर पडल्यावर छातीतून निघणारा हाच हुंकार. आपण एकटेच चुकलो होतो असं त्यांना इतकी वर्षं वाटलं होतं. इथे सगळा वर्ग त्याच वाटेने चालला होता आणि त्याच वळणावर घसरत होता. माणसाचं डोकं असंच बनलं आहे की काय!

तेवढ्यात भिंतीकडून बारीक आवाज आला.

"सर, घंटा माझ्या पोटाबरोबर वाजते आहे."

जो हशा झाला तो आवरायला सरांना हात वर करावा लागला. लिंबूचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"परत सांग, बाळ."

"जहाज डावीकडे कललं की माझं पोट वर येतं, सर. पडद्याकडे बघत नसले तरी आवाजावरून कळतं, इंजिनाचा सूर जरा जड होतो. तसं झालं की घंटा वाजते. उजवीकडे गेलं की पोट खाली आणि घंटा बंद. दर वेळी. मघापासून मोजतेय, एकदाही चुकलेली नाही. कुणी ब्रेकर पाडो की न पाडो."

सगळे कान देऊन ऐकू लागले. पडदे डावीकडे कलले, घंटा. उजवीकडे कलले, शांतता. पुन्हा डावीकडे, घंटा.

"अरे देवा," वकील पुटपुटला. "म्हणजे मी ब्रेकर पाडला आणि तेवढ्यात जहाजच उजवीकडे गेलं."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," सर म्हणाले. ते खुर्चीवर बसले. त्यांना आठवलं, बंदराला लागलं की त्यांच्या जहाजावरची घंटा गप्प व्हायची. तेव्हा त्यांना वाटलं होतं, बंदरात माणसं बाहेर जेवतात, भट्टी कमी पेटते, म्हणून. बंदरात जहाज कलत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. समुद्र त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो आहे हेच ते विसरले होते. ज्या मुलीला तो घटकाभर विसरता येत नव्हता, तिलाच तो ऐकू आला.

"जहाज डावीकडे कललेलं धरून ठेवता येईल?" त्यांनी भाचीला विचारलं.

"येईल मामा."

जहाज कललं आणि तसंच राहिलं. घंटा अखंड वाजू लागली. आता ती खोटं बोलू शकत नव्हती.

"पण सर, खऱ्या जहाजावर समुद्राला 'थांब' कसं म्हणणार?" वकिलाने विचारलं. प्रश्न बरोबर होता, आणि या खेपेला त्याने तो नम्रपणे विचारला.

"म्हणायचं नाही. त्याच्या तालावर चालायचं. घंटा वाजायला लागली की ब्रेकर पाडायचा, आणि जहाज कललेलं असतानाच ती तुटली तरच मानायचं. नाहीतर पुढच्या कलण्याची वाट बघायची." सर हे बोलले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांना स्वतःलाच आत्ता, या क्षणी कळलं होतं.

"लिंबू, तू चालव," ते म्हणाले.

ती उठून पडद्यासमोर बसली. चेहरा पांढराफटक होता. भटारखाना पाडला, घंटा चालूच. धुलाईखोली, चालूच. खलाशांच्या खोल्या, चालूच. मागच्या डेकवरच्या दिव्यांचा ब्रेकर पाडला आणि घंटा वाजता वाजता तुटली. कुणी "मिळाला" म्हणून ओरडलं नाही. तिने तो पुन्हा वर केला, घंटा वाजली. पाडला, थांबली. मग कुणी चालू करू नये म्हणून त्याला कुलूप घातलं, पाटी लावली, आणि लांबलचक वाटेने मागच्या डेकवर गेली. डाव्या कठड्याजवळ, सहज नजरेला न पडणारी, दिव्याच्या तारांची एक जोडपेटी होती. तिने वीज नसल्याची मीटरने खात्री केली, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत पाणी होतं. ओंजळभरसुद्धा नाही. झाकणाच्या फाटक्या रबरातून आलेलं, एका कोपऱ्यात साठलेलं.

मग यंत्राने ते दाखवलं, जे बिघाड सुटल्यावरच दिसायचं. जहाजाचं लोखंड विरघळत गेलं आणि नुसती वीज उरली. काळ्या पडद्यावर एक अख्खं जहाज फक्त प्रकाशाच्या शिरांचं. जनरेटरपासून निघालेल्या जाड धारा, मजल्यामजल्यांवर फुटत जाणाऱ्या बारीक फांद्या, झोपलेल्या खोल्यांपर्यंत, उंच डोलकाठीवरच्या दिव्यापर्यंत. आणि मागे, डाव्या कठड्यापाशी, केसासारखा एक तंतू त्या शिरांतून निसटून काळोखात, जहाजाच्या अंगात मुरत होता.

सरांनी सगळं आयुष्य विजेबरोबर काढलं होतं. ती मोजली होती, अडवली होती, तिचा झटका खाल्ला होता. पाहिली कधीच नव्हती. ते उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांना सांगता आलं नसतं. मुलंही एकेक करून उठली. दारात कप्तान येऊन थांबले होते, त्यांनी नकळत टोपी काढून हातात घेतली.

वर्ग सुटला. मुलं लिंबूला मध्ये घेऊन निघाली, आणि वकील सगळ्यांना पटवत होता की जहाजावर निदान एक तरी समुद्र लागणारं माणूस असायलाच हवं, तसा नियमच करायला हवा. खोलीत सर आणि भाची उरली.

"मामा, तुझ्याही जहाजावर हेच झालं असेल?"

"असेलच असं नाही. आता कुणाला विचारणार? पण असू शकतं. इतके दिवस तेवढंही नव्हतं." मग ते जरा घुटमळून म्हणाले, "मला तिथवर जाता येईल का?"

तिने खेळ पुन्हा लावला आणि धरून ठेवलेला समुद्र मोकळा सोडला. सरांचा अंगठा अजून अडखळत होता. ते एका दारावर आदळले, जिन्याच्या पायऱ्या सावकाश, कठडा धरल्यासारखे चढले, मागच्या डेकवर आले. चहूकडे करडं पाणी उचलत होतं, बसत होतं. ते पेटीपाशी गेले. झाकण उघडंच होतं.

जहाज डावीकडे कललं. पेटीतलं पाणी सरकलं, तार जोडलेल्या पितळेच्या खिळ्याला टेकलं. जहाज उजवीकडे गेलं. पाणी मागे फिरलं, खिळा कोरडा झाला. बाहेर क्षितिजापर्यंत समुद्र डुलत होता आणि आत चमचाभर पाणी त्याच तालावर, तितक्याच गंभीरपणे डुलत होतं.

"हे पाणी तू कसं हलवतेस?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"मी नाही हलवत मामा. मी फक्त त्याला वजन दिलंय. बाकी त्याचं तेच करतं."

दार उघडून पुढची तुकडी आत आली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी विचारलं, "सर, आज काय शोधायचं?"

"आज काही शोधायचं नाही," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "इकडे या. जवळ या. आणि नुसतं बघा."